वीटभट्टीवर न गेलेली मुलगी

मनोरपासून तासभर चालल्यावर एक पाडा लागे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि केळव्याबाहेर एकटी कधी राहिले नव्हते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरी पानवेलीची आणि सुपारीची वाडी. मुलगी शिकली हे वडिलांना आवडलं होतं, पण ती डोंगरात जाऊन राहणार हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मला सोडायला ते स्वतः आले. मनोरच्या बाजारात त्यांनी मला एक कंदील आणि एक छत्री घेऊन दिली आणि पुढची सगळी वाट माझी वळकटी स्वतःच उचलून चालले. शाळेची कौलं आणि कुडाच्या भिंती बघून म्हणाले, “वर्षभर कर. मग बदलीचं बघू.”

मी तिथे सात वर्षं राहिले.

पोलीस पाटलाच्या घराच्या पडवीत मला जागा मिळाली. पाड्यावर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत, मलाही. लहान पोरंसुद्धा “बाई, तू जेवलीस?” असं विचारत. पहिले दोन दिवस मला ते टोचलं. नंतर लक्षात आलं की ते पोलीस पाटलालाही तूच म्हणतात, आणि देवालाही.

पटावर एकतीस मुलं होती आणि वर्गात येत होती वीस-बावीस. म्हणून पहिल्याच महिन्यात मी घरोघर फिरायचं ठरवलं. वाट दाखवायला दुसरीतली एक मुलगी बरोबर आली. दहा वर्षांची असेल. दुसरीत ती तिसऱ्यांदा बसली होती. बुद्धीनं कमी असेल असं मला आधी वाटलं होतं, पण ती दिसेल ते वाचत सुटायची, खताच्या रिकाम्या पोत्यावरचं, काड्यापेटीवरचं, माझ्या छत्रीच्या दांड्यावरचंसुद्धा.

सगळी घरं झाल्यावर ओहोळापलीकडे एकच झोपडी उरली. मुलगी अलीकडच्या काठावर थांबली. “तिथं पोरं नायत, बाई,” ती म्हणाली. पण मला तहान लागली होती आणि दारात एक म्हातारी सूप घेऊन नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसलेली दिसत होती. मी ओहोळ ओलांडून गेले आणि पाणी मागितलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“माझ्या हातचं चालंल तुला?” तिनं विचारलं.

तिला जातीबद्दल म्हणायचं असेल असं मला वाटलं, आणि मी थोडी ओशाळले. कारण केळव्याच्या आमच्या घरी वाडीत कामाला येणाऱ्या बायांना चहा करवंटीतून दिला जायचा, आणि लहानपणी तो मीच ओतत असे. मी घाईघाईनं “चालेल की” म्हटलं आणि दुधीच्या वाळक्या भोपळ्यातलं गार पाणी पोटभर प्यायले.

परत आले तर मुलगी दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होती.

“बाई, ती भुताळी हाय. तू भुताळीच्या हातचं पाणी प्यालीस.”

दुसऱ्या दिवशी वर्गात अकरा मुलं होती. दुपारी पोलीस पाटलानं मला समजावून सांगितलं. म्हातारी पूर्वी पाड्याची सुईण होती. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मला होता. पण काही वर्षांमागे एकाच पावसाळ्यात तीन तान्ही मुलं दगावली. भगतानं सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. लोकांनी तिला मारलं, पाड्यातून बाहेर काढलं. तिचा मुलगा बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती ओहोळापलीकडे एकटी राहत होती, खालच्या अंगाच्या डबक्यातलं पाणी भरत होती, आणि समोरून कोणी आलं की वाट सोडून झाडीत उभी राहत होती.

“तू शिकलेली हायस,” पोलीस पाटील म्हणाला. “तुला पटायचं नाय. पण तिकडं जाऊ नको.”

यावर मी वर्गात भाषण वगैरे काही दिलं नाही. आठ दिवस गेले, मी आजारी पडले नाही, मेले नाही, आणि मुलं एकेक करून परत आली. मी मात्र ओहोळापलीकडे जात राहिले. कधी शाळा सुटल्यावर, कधी रविवारी. आधी हट्टानं जात होते. मग मला तिच्याशी बोलायला आवडू लागलं.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा व्हायला लागला. भात झोडून झालं की इथल्या डोंगरउताराच्या तुकड्यांत काहीच पिकत नाही. लोक वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जात, ते थेट पावसाच्या तोंडावर परत येत. ट्रक सडकेवर येऊन थांबत. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढे. माझ्या वर्गातली चटई रोज थोडी थोडी मोकळी होत गेली. ही मुलगी दुसरीतच का बसून आहे ते मला तेव्हा कळलं. दरवर्षी अर्धं वर्ष ती शाळेत असायची आणि अर्धं वर्ष भट्टीवर.

एका सकाळी ती दप्तर न घेता आली. हातात फक्त पुस्तक होतं, सागाच्या पानात गुंडाळलेलं.

“बाई, हे ठेव तुझ्याकडं. तिथं माती लागते याला.”

मी वर्ग तसाच सोडून तिच्या आईकडे गेले.

आई पंचवीस-सव्वीसची असेल. ज्याच्याबरोबर ती राहत होती तो माणूस लग्नाचा विधी व्हायच्या आधीच निघून गेला होता. ती भावाच्या संसाराबरोबर भट्टीवर जायची. चिखल तुडवायची, विटा थापायची.

“हिचं काय काम तिथं?” मी विचारलं.

“कच्ची वीट उलटायची. हिचे हात लहान हायत, वीट मोडत नाय. आन भावाचं तानं पोर सांभाळते.”

“हिला इथं ठेव. या वर्षी ती नक्की पास होईल. हुशार आहे ती.”

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “कोणाकडं ठेवू? तू ठेवशील?”

या प्रश्नाला मी तयार नव्हते. मी म्हटलं, मी स्वतः दुसऱ्याच्या पडवीत राहते, पाटलीणबाईंना चालणार नाही. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. दुसऱ्याची मुलगी सहा महिने सांभाळायची, तिचं दुखणंखुपणं बघायचं, याची मला भीती वाटली होती. ती माझ्यावर रागावली नाही. भांडी बांधता बांधता ती थांबली आणि बराच वेळ ओहोळाकडे बघत राहिली.

“डोकरीकडं ठेवते,” ती म्हणाली.

तिकडे म्हातारीला डोकरीच म्हणतात. पण त्या पाड्यावर नुसतं डोकरी म्हटलं की ती एकच कळायची. बाहेर कोंबड्या बांधत असलेला भाऊ ताडकन आत आला. “डोकं फिरलं का तुझं? खाऊन टाकील ती पोरीला.”

“हिच्या वेळी मी दोन दिस अडले होते,” ती शांतपणे म्हणाली. “तवा तिनंच सोडवली मला. ही तिच्या हातावर पडली. खायची असती तर तवाच खाल्ली असती. तवा नाय खाल्ली, आता दहा वर्सांनी काय खाईल?”

भाऊ काहीबाही बोलत राहिला, पण ती मुलीचा हात धरून निघाली. मी मागोमाग गेले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नको. पोरीला काय झालं तर लोक मला मारतील. आता मार सोसायचा नाय मला.”

“मी सांगून जाते,” आई म्हणाली.

आणि तिनं तसं केलं. सडकेवर ट्रक उभा होता, पाड्यातली बरीच माणसं निरोपाला जमली होती. तिथे ती पोलीस पाटलासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “माझी पोर मी माझ्या हातानं डोकरीकडं ठेवली हाय. तिचं काय बरंवाईट झालं तर विचारायला मी येईन. दुसऱ्या कोणी विचारायचं नाय.” मग ती ट्रकवर चढली. लेकीकडे तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेली नसती, असं मला वाटतं.

दिवाळीनंतर माझ्या वर्गात नऊ मुलं उरली, ही मुलगी धरून. बाकीची आठ तिच्याशेजारी बसेनात. पंधरा-वीस दिवसांत तेही मावळलं, कारण गणितं तिलाच येत होती आणि ती पाटी दाखवायला नाही म्हणत नव्हती.

संध्याकाळी मी ओहोळापलीकडे जाई. मुलगी मोठ्यानं वाचायची आणि म्हातारी चुलीपुढे बसून ऐकायची. एकदा धड्यात आलं की आपले लोक गहू, ज्वारी, बाजरी आणि तांदूळ खातात.

“नागली?” म्हातारीनं विचारलं.

मुलीनं ओळ पुन्हा वाचली. “नागली नाय यात.”

“मंग हे लिवणारा जेवतो काय?”

मी खूप हसले. म्हातारी हसली नाही. तिला खरंच काळजी वाटली होती. दुसऱ्या दिवशी मुलीनं पेन्सिलीनं पुस्तकात ‘नागली’ लिहून टाकलं, आणि सरकारी पुस्तक असूनही मी ते खोडायला लावलं नाही.

संक्रांतीला मी चार दिवस घरी गेले. आईच्या हातचं जेवले, केळव्याच्या किनाऱ्यावर फिरले, सुरूच्या झाडांखाली मैत्रिणींबरोबर बसले आणि पाड्यावरच्या गमती सांगितल्या. परत आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. पाटलीणबाई दारातच होत्या.

“डोकरी पोरीला घेऊन गेली,” त्या म्हणाल्या. “दोन दिस झाले. कोणाला सांगितलं नाय. पोरीला ताप होता म्हणं. माणसं रानात बघून आली, ओहोळाकाठी बघून आली. कुठं नाय.”

मी पिशवी टाकून ओहोळापलीकडे धावले. दार उघडं होतं. चुलीतली राख थंड. भिंतीशी पाटी उभी केलेली. कुडाला झाडाच्या वाळक्या मुळ्यांची एक जुडी टांगली होती. कोपऱ्यातल्या सुपात तांदळाचे दाणे होते, वर शेंदूर पडलेला.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, ते मी पुढे कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. जिच्या घरी मी सहा महिने जात होते, जिच्या हातचं पाणी पीत होते, तिच्याबद्दल मला वाटलं, लोक म्हणतात ते खरं असलं तर? मी, शिकलेली, मुलांना विज्ञानाचे धडे देणारी. अर्धं मिनिट असेल, पण वाटलं खरं. सुपात दाणे आणि शेंदूर का होते हे मला नंतर कळलं. सुईण बाळाच्या पाचवीला जे मांडते तेच होतं ते. पोरीचा ताप उतरावा म्हणून तिला जे येत होतं ते तिनं आधी करून पाहिलं होतं.

मी भानावर आले ती पाटीमुळे. मी वर्गात सांगितलेलं मला आठवलं. थंडी वाजून ताप आला तर मनोरच्या सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे बोट टोचून रक्त बघतात आणि गोळ्या देतात. मुलीनं ते म्हातारीला सांगितलं असेल. मी पोलीस पाटलाला म्हटलं, मी मनोरला जाते. त्यानं दोन माणसं बरोबर दिली. दोघांच्या हातात काठ्या होत्या. पाटील म्हणाला, वाटेत रान आहे म्हणून. मी पुढे चालू लागले.

दवाखान्याच्या ओट्यावर म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मुलीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मुलगी जागी होती. चेहरा पिवळा पडला होता, पण डोळे स्वच्छ होते. पाठुंगळीला मारून एवढी वाट म्हातारीनं तिला आणलं होतं, त्या वयात, आणि कोणी अडवू नये म्हणून उजाडता उजाडताच निघाली होती.

म्हातारीनं आधी मला पाहिलं. मग माझ्यामागच्या दोन माणसांना आणि त्यांच्या हातातल्या काठ्यांना. तिनं मुलीचं डोकं उचलून हळूच गोधडीवर ठेवलं आणि उभी राहिली.

“मारायचं तर इथं नको,” ती म्हणाली. “पोर घाबरंल.”

त्या दोघांपैकी एकानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. दुसरा खाली बघत राहिला. आतून नर्सबाई आल्या आणि माझ्यावरच घसरल्या. “तुम्ही हिच्या शाळेतल्या बाई का? ही आजी दोन दिवस जागची हललेली नाही. मुलगी तुमची कोण, असं विचारलं तर म्हणते, ठेवलेली हाय माझ्याकडं. आता मी कागदावर काय लिहू?” मुलीला हिवताप होता. ताप उतरला होता. गोळ्या अजून दोन दिवस घ्यायच्या होत्या.

मी म्हातारीशेजारी बसले. “आजी, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“तुझं काय चुकलं? तू तर गावाला गेलेलीस.”

मला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं नव्हतं, आणि मी खुलासा केला नाही. करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतलो. काठी ठेवणाऱ्या माणसानंच मुलीला खांद्यावर घेतलं. शाळेपुढच्या आंब्याखाली माणसं जमली होती आणि भगत मधोमध बसला होता. बारीक अंगाचा म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. वाटेत मी मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, कायदा, विज्ञान, पोलीस. पण त्यानं मला काही विचारलंच नाही. त्यानं मुलीला जवळ बोलावलं, कपाळाला हात लावला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

“काय दिलं तिथं?” त्यानं तिला विचारलं.

“कडू गोळ्या.”

“झाडलं का?”

“नाय. बोट टोचलं. रक्त काचंवर घेतलं.”

“कोण होतं जवळ?”

“डोकरी होती. रातदिस होती.”

भगत “बरं” म्हणाला, उठला आणि घराकडे चालू लागला. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मारायला त्यांना त्याचा शब्द लागत होता, आणि तो त्यानं दिला नाही. हळूहळू माणसं पांगली. म्हातारी सगळा वेळ लांब उभी होती. ती ओहोळ ओलांडून गेली आणि चूल पेटवू लागली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात बसले होते, तेव्हा ओहोळाच्या अलीकडच्या काठावर भगताची सून येऊन उभी राहिली. कडेवर तिचं पोर थंडीनं कुडकुडत होतं. तिथूनच तिनं हाक मारली, “डोकरे, मनोरला कुठल्या दाराशी बसायचं?”

म्हातारीनं हात पुसले. “दाराशी बसून नाय भागत, आत जाऊन सांगावं लागतं. थांब, मी येते.”

दोघी पुढेमागे चालत गेल्या. बरोबरीनं नाही, दहा पावलांचं अंतर ठेवून. पण गेल्या.

पुढे एकदा धीर करून मी भगताला विचारलं की त्या दिवशी तो गप्प का राहिला. “माझ्या नातवाला पण हीव भरत होतं,” तो म्हणाला. “माझ्यानं उतरत नव्हतं.” मग मी न विचारताच तो बोलला, “तवा तीन पोरं गेली, बाय. लोकांना कोणतरी पायजे होतं. मी नाव दिलं.”

“मग आता सांगा ना सगळ्यांना, की चूक झाली.”

“दिलेलं नाव परत नाय घेता येत. लोक विसरतील तवा विसरतील.”

मी त्याच्याशी भांडले. एका बाईचं अख्खं आयुष्य गेलं आणि तुम्ही एवढंच म्हणता, असं बरंच काही बोलले. त्यानं ऐकून घेतलं, पण आंब्याखाली सगळ्यांसमोर तो ते कधी बोलला नाही. त्या म्हाताऱ्याला मी अजून पूर्ण माफ करू शकलेले नाही, आणि त्याचा पूर्ण रागही मला येत नाही.

पावसाच्या तोंडावर मुलीची आई परतली. सडकेवरच तिला सगळं कळलं. ती घरी न जाता थेट पोलीस पाटलाच्या दारात आली. “काठ्या घेऊन कोण गेलं होतं?” तिनं विचारलं. पाटील मोठा माणूस, पण त्याची नजर खाली गेली. मग ती ओहोळापलीकडे गेली आणि त्या दिवशी तिथेच जेवली. मुलगी तिसरीत गेली होती.

पुढच्या दिवाळीला तीन आया आपापल्या मुली घेऊन म्हातारीकडे गेल्या. दोन मुलगेही आले. त्यापुढच्या वर्षी मुलं नऊ झाली. ज्याची पोरं तो तांदूळ आणि नागली आणून टाकायचा. झोपडी अपुरी पडली तेव्हा पोलीस पाटलानंच चार माणसं लावून तिला कुडाची एक खोली जोडून दिली. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी जानेवारीतली हजेरी बघून मला विचारलं, “ही कोणत्या योजनेतली मुलं?” मी म्हटलं, “कोणत्याच नाही. एक आजी सांभाळते.” त्यांनी शेऱ्याच्या वहीत ‘समाधानकारक’ एवढंच लिहिलं. दहा शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही घरांनी शेवटपर्यंत पोरं तिच्याकडे ठेवली नाहीत. तान्हं बाळ घेतलेली एखादी बाई तिला बघून पदर ओढून घ्यायची. बाळंतपणाला पुन्हा तिला कोणी बोलावलं नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं. “हात विसरले असतील आता,” असं ती एकदा हातांकडे बघत म्हणाली.

लग्नानंतर माझी बदली बोईसरला झाली. तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा कारखाने वाढत होते, आणि चाळींतून कुठकुठली माणसं येऊन राहिली होती. शाळेच्या पटांगणात मराठीइतकीच हिंदी ऐकू यायची. तिथली मुलं भट्टीवर जात नव्हती, पण मोठ्या मुली दुपारनंतर गायब व्हायच्या. मी चाळीत गेले तर एक आई म्हणाली, “मॅडम, ये नहीं रहेगी तो छोटे को कौन देखेगा?” दोघं नवरा-बायको पाळीवर जात. मी त्या मुलींना सांगितलं, लहानग्यांना घेऊनच या. आमचे मुख्याध्यापक कुरकुरले, शाळा आहे की पाळणाघर म्हणाले. पण व्हरांड्याच्या खांबांना लुगड्यांच्या चार झोळ्या बांधल्या गेल्या, आणि मुली पाचव्या तासापर्यंत बसू लागल्या. झोळी हलवायची पाळी लावून दिली होती. एकीनं झोका द्यायचा, बाकीच्यांनी पाढे म्हणायचे.

ती मुलगी पुढे आश्रमशाळेत शिकली. दहावीला गणितात एकदा नापास झाली, दुसऱ्या वेळी सुटली. तिचं लग्न झालं आणि शेजारच्याच पाड्यावर ती अंगणवाडी सांभाळू लागली. नव्वदीच्या दशकात, एका दुपारी मधल्या सुट्टीत, ती बोईसरच्या शाळेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसांना तेल, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला.

“डोकरी गेली, बाई.”

आम्ही व्हरांड्यात बसलो. काय झालं होतं, असं मी विचारलं.

“काय नाय. लय म्हातारी झालेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, मंग मी माझ्याकडंच आणलेली. सकाळी म्हणाली, पेज कर. मी पेज करून आणली, तोवर गेली.”

“माणसं आली होती?”

“समदी आली. तिचा पोरगा पण आला. तो लय रडला.” पिशवी मांडीवर घेत ती म्हणाली, “काही लांब उभे होते. पण आले होते.”

मी चहा मागवला. तिनं तो बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला. तिच्या अंगणवाडीत किती मुलं येतात, कोणाचं वजन वाढत नाही, खाऊचं पोतं वेळेवर कसं पोचत नाही, हे सगळं ती सांगत होती. मध्येच एका झोळीतलं बाळ रडायला लागलं. आसपास कोणी मुलगी दिसेना. ती बोलता बोलताच उठली, झोळीला हात घातला, बाळ शांत होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, “जाते, बाई. उद्या पोरांची वजनं करायची हायत.”

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. पालघरची बस उभीच होती.